स्किझोफ्रेनियासाठी संगणकावरचे बोधनिक प्रशिक्षण : शुभंकरांनी सुरुवात कशी करावी

माझ्या धाकट्या भावाला ऐकू येणारे आवाज औषधांनी थांबले, संशयही बराच ओसरला, तेव्हा गाडी रुळावर आली असे घरातल्या आम्हा सगळ्यांना वाटले होते. पण कोपऱ्यावरच्या वाण्याकडून चहापूड, साखर, जिरे आणि काडेपेटी आणायला गेलेला हा बी. कॉम. झालेला मुलगा चहापूड आणि काडेपेटी एवढेच घेऊन परत येई, आणि बाकीच्या दोन वस्तू कुठे आहेत असे आईने विचारले की गोंधळून हातातल्या पिशवीकडे पाहत राही. त्याला आळशी म्हणून, बेफिकीर म्हणून आम्ही नको तितके बोललो. लक्षात न राहणे हाही आजाराचाच भाग आहे हे समजायला आम्हाला दोन वर्षे लागली. दुसऱ्या घरांत तेवढा काळ वाया जाऊ नये, म्हणून या वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी ही माहिती क्रमाने मांडत आहे. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात; मीही तेच शब्द वापरते.

हे प्रशिक्षण कशासाठी असते

भास आणि भ्रम ही स्किझोफ्रेनियाची चटकन दिसणारी लक्षणे आहेत, परंतु त्यांच्या आड लक्ष टिकवणे, ऐकलेले स्मरणात ठेवणे, माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणे, विचारांचा वेग, कामाची आखणी आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे या क्षमताही बहुतेकांच्या बाबतीत कमी झालेल्या असतात. यांनाच एकत्रितपणे बोधनिक क्षमता म्हणतात. अनेकांमध्ये ही घट पहिला झटका येण्याआधीपासूनच असते आणि भास थांबल्यावरही ती मागे उरते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस या आजाराला दिलेल्या 'डिमेन्शिया प्रिकॉक्स' या नावाचा अर्थच अकाली येणारा बुद्धिभ्रंश असा होता. ते नाव पुढे मागे पडले आणि ते योग्यच झाले, कारण म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशासारखी ही बुद्धी सतत ढासळत जात नाही. मात्र विचारशक्तीवर होणारा परिणाम या आजाराच्या मुळाशी आहे, हे क्रेपेलिन यांचे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही.

आपल्या घराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, शुभार्थी नोकरी करू शकेल का, एकटा राहू शकेल का, घरातला व्यवहार सांभाळू शकेल का, हे या क्षमतांवर बरेच अवलंबून असते. अमेरिकेतील मायकेल ग्रीन यांनी १९९६ साली त्या वेळपर्यंतचे अभ्यास एकत्र तपासून हा संबंध दाखवून दिला, आणि तेव्हापासून संशोधकांचे लक्ष या बाजूकडे वळले. मनोविकाराच्या औषधांनी भास आणि भ्रम आटोक्यात येतात, पण स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्यावर त्यांचा उपयोग फारच थोडा होतो. ती उणीव सरावाने काही अंशी भरून काढायची, ही या प्रशिक्षणामागची कल्पना आहे. डॉक्टरांच्या बोलण्यात याला कॉग्निटिव्ह ट्रेनिंग किंवा कॉग्निटिव्ह रेमेडिएशन असे शब्द येतात.

अपेक्षा किती ठेवावी, हेही सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. लंडनमधील टिल वाइक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ४० अभ्यासांतील २,१०४ व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा बोधनिक क्षमतांवरील परिणामाचे माप ०.४५ इतके आले. इटलीतील अँटोनियो व्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली १३० अभ्यास आणि ८,८५१ व्यक्ती घेतल्या, तेव्हा ते ०.२९ आणि दैनंदिन कामकाजावरील परिणामाचे माप ०.२२ आले. या मापात ०.२ म्हणजे लहान आणि ०.५ म्हणजे मध्यम परिणाम मानतात. म्हणजे लाभ खरा आहे, पण तो चमत्कार नव्हे. औषधाची जागा हे प्रशिक्षण घेऊ शकत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहावे. २०२१च्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, जी मला फार मोलाची वाटते : ज्यांचे शिक्षण कमी झाले होते आणि ज्यांची लक्षणे सुरुवातीला अधिक तीव्र होती, त्यांना लाभ जास्त झाला. 'आमचा मुलगा दहावीसुद्धा झालेला नाही, त्याला काय जमणार' असे म्हणून मागे हटणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

पहिली पायरी : डॉक्टरांशी बोलणे

आजार उसळलेला असताना, झोप उडालेली असताना किंवा औषधे नुकतीच बदललेली असताना हा सराव सुरू करू नये. प्रकृती काही आठवडे स्थिर राहिली की उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना विचारावे. त्याच भेटीत हातातल्या सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी, कारण हात थरथरणे आणि अंग आखडणे यांवर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी औषधे स्मरणशक्ती मंदावतात आणि प्रशिक्षणाचा लाभही कमी करतात, असे दिसून आले आहे. त्या गोळीची गरज अजून आहे का, मात्रा कमी करता येईल का, एवढेच विचारायचे असते. गोळी आपल्या मनाने कमी करायची किंवा बंद करायची नाही, हे मी मुद्दाम स्पष्ट लिहीत आहे. डोळे तपासून घेणे राहिले असेल तर तेही करावे. चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे पडद्यावरचे आकडे नीट न दिसणारा माणूस आपल्याला विसरभोळा वाटू शकतो.

दुसरी पायरी : कशासाठी शिकायचे, हे शुभार्थीने ठरवणे

ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, आणि पुढे सराव सुटतो तो इथेच सुटतो. 'तुझी स्मरणशक्ती सुधारायची आहे' हे घरच्यांचे ध्येय झाले. शुभार्थीचे ध्येय बहुतेक वेळा याहून लहान आणि ठोस असते. क्रिकेटचा सामना शेवटपर्यंत पाहता यावा, बहिणीच्या मुलाला गोष्ट सांगताना धागा तुटू नये, बसमध्ये सुट्टे पैसे मोजताना घाबरायला होऊ नये, अशा इच्छा त्याच्या तोंडून यायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा. दोन-तीन भेटी केवळ बोलण्यात गेल्या तरी चालतील. जे ठरेल ते त्याच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. माझ्या भावाने लिहिले होते : 'दुकानातून सगळं आणायचं, फोन न करता.'

तिसरी पायरी : आजची स्थिती मोजणे

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यासाठी ठरावीक चाचण्या घेतात. स्किझोफ्रेनियासाठी अमेरिकेत तयार झालेल्या 'मॅट्रिक्स' या चाचणीसंचात सात बाजू पाहिल्या जातात : विचारांचा वेग, लक्ष, कार्यकारी स्मृती (माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणे), शब्दांची स्मृती, आकृत्यांची स्मृती, तर्क आणि सामाजिक आकलन. भारतात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे संच वापरतात. कोणता का असेना, प्रशिक्षणाआधी आणि नंतर एकच संच वापरला जाईल याची खात्री करून घ्यावी. अहवालातला सर्वांत कमी आकडा पाहून खचून जाऊ नये. कोणती बाजू शाबूत आहे, हे तितकेच उपयोगी असते, कारण पुढच्या युक्त्या तिच्याच आधाराने उभ्या राहतात. ऐकलेले लक्षात राहत नाही पण पाहिलेले राहते, असा माणूस यादीऐवजी चित्रावर विसंबू शकतो.

चौथी पायरी : साधन निवडणे

शक्य असेल तर लॅपटॉप किंवा संगणक वापरावा. मोबाईलचा पडदा लहान असतो आणि मधेच संदेश येऊन लक्ष उडते. संशोधनात वापरलेल्या कार्यक्रमांपैकी काही नावे माहीत असावीत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील क्लेअर रीडर आणि टिल वाइक्स यांचा 'सर्किट्स' हा कार्यक्रम आपण विचार कसा करतो याकडेच लक्ष द्यायला शिकवतो. 'ब्रेनएचक्यू' हा मेंदूवैज्ञानिक मायकेल मर्झेनिक यांच्या कामातून आला असून, त्यात ऐकणे आणि पाहणे यांचा वेग व अचूकता वाढवण्यावर भर आहे. 'कॉगपॅक' आणि 'रेहाकॉम' हे जर्मनीत तयार झालेले कार्यक्रम आहेत. यांपैकी कोणता घ्यायचा, हे शक्यतो तज्ज्ञांनाच ठरवू द्यावे.

भाषेचा प्रश्न मात्र आपल्यालाच सोडवावा लागतो. इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याचा सराव मराठीतून शिकलेल्या माणसाला दिला, तर त्याची स्मृती नव्हे, त्याचे इंग्रजी तपासले जाते आणि तो नाहक हरतो. म्हणून संगणकावर आकडे, रंग, आकार, चित्रे आणि आवाज यांचे खेळ ठेवावेत, आणि शब्दांच्या सरावासाठी भाज्या, नातलगांची नावे, एसटीचे थांबे अशा मराठी याद्या आपण स्वतः बनवाव्यात.

जाहिरातींबाबत सावध राहावे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली 'ल्युमॉसिटी' या मेंदूच्या खेळांच्या निर्मात्यांना पुराव्याविना केलेल्या दाव्यांबद्दल २० लाख डॉलर भरायला लावले होते. ते प्रकरण स्किझोफ्रेनियाचे नव्हते, पण 'रोज दहा मिनिटे खेळा आणि बुद्धी वाढवा' या थाटाच्या आश्वासनांकडे कसे पाहावे, ते त्यातून कळते.

संगणक परवडत नसेल तर काम अडून बसत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेतील प्रशिक्षणपद्धतींत धान्य निवडणे, ठरावीक अक्षरांवर काट मारणे अशी साधी कामे पूर्वीपासून वापरली गेली आहेत, आणि पहिल्याच झटक्यातून जाणाऱ्या रुग्णांकडून घरी करून घेतलेल्या अशा सरावाचा तेथील अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. संगणकाचा फायदा एवढाच की तो न कंटाळता पातळी वर-खाली करतो आणि गुणांची नोंद ठेवतो.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष सत्र

आठवड्यातून दोन किंवा तीन सत्रे, प्रत्येक सत्र पाऊण ते एक तास, आणि एकूण २० ते ४० सत्रे, असा साधारण आराखडा असतो. सुरुवातीलाच पाऊण तास बसवू नये. वीस मिनिटांपासून हळूहळू वाढवावे. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उशिरापर्यंत राहत असेल तर वेळ दुपारची ठेवावी. वार आणि वेळ बदलू नये. घरात टीव्ही बंद असावा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने 'किती झाले गुण?' असे विचारू नये.

पातळी अशी ठेवावी की दहांपैकी सुमारे आठ उत्तरे बरोबर येतील. याहून सोपे झाले तर कंटाळा येतो, याहून अवघड झाले तर आधीच दुखावलेला आत्मविश्वास आणखी खचतो. स्किझोफ्रेनियात चुकीतून शिकण्यापेक्षा चूक होऊच न देता शिकणे सोपे जाते, म्हणून नवा प्रकार सुरू करताना पहिली काही उत्तरे शेजारी बसून एकत्र करावीत आणि मग हळूहळू आपला आधार काढून घ्यावा.

शेजारी बसणाऱ्याचे काम काय असते, ते एका प्रसंगावरून सांगते. पडद्यावर एकामागून एक आकडे येत होते आणि आधी आलेला आकडा पुन्हा आला की कळ दाबायची होती. भावाच्या चुका वाढत चालल्या होत्या. माऊस आपल्या हातात घेऊन 'असं कर' म्हणण्याचा मोह मला झाला होता, तो आवरून मी खेळ थांबवला आणि विचारले, "आत्ता काय होतंय असं वाटतं तुला?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, आकडा वाचायच्या आधीच बोट दाबलं जातंय." काय करून पाहू या, असे विचारल्यावर त्याने स्वतःच बोट कळीवरून उचलून मांडीवर ठेवले, आणि प्रत्येक आकडा ओठांतल्या ओठांत म्हणून मगच हात पुढे करू लागला. वेग कमी झाला, चुकाही कमी झाल्या. त्या दिवशी गुणांपेक्षा हे वाक्य आम्ही वहीत लिहिले : 'आधी म्हणायचं, मग दाबायचं.'

आपले मन कुठे घसरते हे स्वतःला कळणे, हा या प्रशिक्षणाचा गाभा आहे असे मला वाटते. संशोधनही त्याच दिशेने बोट दाखवते : प्रशिक्षित व्यक्ती शेजारी असणे, विचार करण्याच्या युक्त्या पद्धतशीरपणे शिकवणे आणि पुनर्वसनाच्या इतर कामांशी सांगड घालणे, या गोष्टी असतील तेव्हा लाभ अधिक होतो. म्हणून आठवड्यातील निदान एक सत्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा प्रशिक्षित कार्यकर्त्याबरोबर व्हावे, आणि शुभंकराने बाकीच्या सत्रांना सोबत करावी. घरात आधीच ताणतणाव असेल, बोलण्याचे रूपांतर लगेच भांडणात होत असेल, तर शुभंकराने हे काम अंगावर घेऊच नये. ते बाहेरच्या व्यक्तीकडे द्यावे, त्यात कमीपणा नाही.

सहावी पायरी : पडद्यावरचे घरात आणणे

पडद्यावरचे गुण वाढले म्हणून दुकानातले सामान आपोआप लक्षात राहत नाही. सराव केलेल्या खेळातच तेवढी प्रगती दिसते आणि बाहेर काहीच बदलत नाही, हा अनुभव सर्रास येतो. म्हणून प्रत्येक सत्राची शेवटची दहा मिनिटे संगणक बंद करून, 'आज वापरलेली युक्ती या आठवड्यात कुठे वापरता येईल' या एकाच प्रश्नासाठी ठेवावीत.

आमच्याकडे चित्रे लक्षात ठेवण्याच्या खेळात जोड्या लावण्याची युक्ती भावाला चांगली जमू लागली होती. तीच वाण्याकडे नेली. चहा-साखर ही एक जोडी, जिरे-काडेपेटी ही दुसरी, कारण फोडणीला दोन्ही लागतात. आणि चार वस्तू म्हणून चार बोटे, प्रत्येक वस्तू पिशवीत पडली की अंगठ्याने एक बोट दाबायचे. पहिल्या आठवड्यात तो तरीही विसरला. दुसऱ्या आठवड्यात तीन वस्तू घेऊन निघाला, गल्लीच्या तोंडाशी थांबून त्याने बोटे मोजली, आणि कोणी न सांगता जिरे आणायला परत गेला. उंबऱ्यात उभी असलेली आई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली होती.

असे पूल बांधताना एका वेळी एकच युक्ती, एकच जागा आणि एकच काम निवडावे. याद्या लिहिणे, मोबाईलचा गजर लावणे, औषधांचा वारांचा डबा वापरणे यांना पळवाट समजू नये. ज्याला चष्मा लागतो त्याने चष्मा लावण्यासारखेच ते आहे.

नोकरीचे ध्येय असेल तर हे प्रशिक्षण एकटे पुरत नाही. अमेरिकेत सुसान मॅकगर्क यांनी विकसित केलेल्या 'थिंकिंग स्किल्स फॉर वर्क' या पद्धतीत संगणकावरचा सराव आणि प्रत्यक्ष नोकरी मिळवून देऊन ती टिकवायला मदत करणे, ही दोन्ही कामे हातात हात घालून चालतात. आपल्याकडे तशी जोड डे केअर सेंटरमधील कामाशी, घरच्या दुकानातल्या दोन तासांशी किंवा ओळखीच्या माणसाच्या छापखान्याशी घालता येते. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, किंवा ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, यांपैकी जवळचे ठिकाण गाठून पुनर्वसनाच्या कोणत्या सोयी सध्या आहेत याची विचारपूस करावी. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

अडचणी आल्या तर

'मला जमत नाही' असे शुभार्थी म्हणाला तर समजूत घालण्याऐवजी पातळी दोन पायऱ्या खाली आणावी आणि एक खेळ पूर्ण होऊ द्यावा. सत्र चुकले तर त्याचा हिशेब मागू नये. निरुत्साह हे या आजाराचेच लक्षण आहे, त्याला शिस्तीचा अभाव समजू नये. सत्रानंतर चहा, छोटा फेरफटका, आवडते गाणे असे काही ठरवून ठेवले तर बसायला येणे सोपे जाते.

संगणकातून कोणी आपल्याला पाहत आहे, असा संशय काहींना येतो. वाद घालू नये. कॅमेऱ्यावर कागद चिकटवावा, इंटरनेटशिवाय चालणारे खेळ वापरावेत, आणि तरीही अस्वस्थता राहिली तर संगणक बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घ्यावी. हा संशय नव्याने आला असेल, झोप कमी झाली असेल, एकट्याने पुटपुटणे वाढले असेल, तर सराव थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

सराव संपल्यावर

ठरलेली सत्रे झाली की पहिल्या वेळच्या चाचण्या त्याच तज्ज्ञांकडून पुन्हा करून घ्याव्यात आणि वहीचे पहिले पानही उघडावे. चाचणीचा आकडा थोडाच हलला पण ध्येय गाठले गेले, असे होऊ शकते. उलटही होऊ शकते, आणि तसे झाले तर सहावी पायरी कुठे कमी पडली ते शोधावे. गरज नसताना संगणकावरचा सराव वर्षानुवर्षे ओढू नये. युक्त्यांची वही मात्र स्वयंपाकघरात किंवा दाराजवळ, रोज नजर पडेल अशी ठेवावी. मधे आजार उसळून खंड पडला, तर प्रकृती स्थिर झाल्यावर जिथे सोडले तिथून सुरू न करता दोन-तीन पातळ्या मागे येऊन, पुन्हा वीस मिनिटांच्या सत्रापासून आरंभ करावा.